मदत हवी आहे: पुठ्ठ्याची हॅलोवीन घरं रंग दिला की वाकडी होतायत

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठं होतीय ते तुम्हाला कळायचं नाही.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आमच्या अपार्टमेंटमधल्या ९ पोरांनी यंदा ३१ ऑक्टोबरला खाली पार्किंगमध्ये हॅलोवीनची छोटी गल्ली मांडायचं ठरवलंय, प्रत्येकाचं एक घर, आणि अट त्यांनीच घातलीय की बाजारातून काही आणायचं नाही, घरात जे टाकून देतो त्यातूनच करायचं. दर दिवाळीला किल्ला करणारी पोरं ही, पोती, माती, दगड यात हात बसलाय त्यांचा, पण पुठ्ठ्याचं काम कुणीच केलेलं नाही, म्हणून ते मी घेतलं. मला मनापासून आवडतं असलं बारीक काम.

माप असं धरलंय की खरा १ फूट म्हणजे पाव इंच. त्यामुळं साडेसहा फुटी दार साधारण ४ सेंटिमीटरचं होतं आणि दोन मजली घर छपरासकट ८ इंचाच्या आसपास. आधी नमुना म्हणून एक मीच केलं. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, पेपर कटरनं भिंती कापल्या, खिडक्या पाडल्या, फेविकॉलनं उभं केलं. छपराला जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून खालून वर एकावर एक चिकटवल्या, अगदी कौलं घातल्यासारख्या, आणि ते एवढं छान दिसत होतं की पोरं सारखी येऊन बघून जात होती. मग बाहेरून काळ्या पोस्टर कलरचे दोन हात दिले आणि खिडकीत वाळत ठेवलं. रात्री परतीचा पाऊस आला. सकाळी बघते तर पुढची भिंत भाजलेल्या पापडासारखी आत वळलेली आणि छपराचा जोड बोटभर उघडलेला.

भिंत सोडवून पुस्तकांखाली दाबली, सपाट झाली, दुसऱ्या दिवशी परत तशीच. वरून कापड टाकून इस्त्री फिरवली तर रंगच कापडाला आला. आणि कोपरे दुरुस्त करायला फेविकॉल लावलं की खालचा काळा रंग विरघळून सगळीकडं राड होतीय. कोपऱ्यांचं आणखी एक दुखणं म्हणजे पुठ्ठ्याच्या आतली ती नागमोडी भोकं कडेला दिसतात, मग कितीही रंगवा, खोकं ते खोकंच दिसतं. आत दिवा ठेवला की उजेड खिडकीतून कमी आणि फटीतून जास्त येतो.

घरात सासूबाईंचा आधी विरोध होता, दिवाळीच्या तोंडावर भुताचं घर कशाला म्हणून. त्यांना सांगितलं की १ नोव्हेंबरला ख्रिश्चन लोकांचा सगळ्या संतांचा दिवस असतो, २ ला गेलेल्या माणसांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतात, आणि हॅलोवीन ही १ तारखेच्या आदली रात्र. आता सासूबाईच काड्यापेटीच्या जळक्या काड्या जमवून देतायत कुंपणासाठी.

तर एक नमुना बिघडला ते ठीक, पण पोरांची ९ घरं अशी वाकडी झाली तर त्यांचा हिरमोड होईल, ते मला नकोय. कुणी केलंय का असलं काम? सांगा की प्लीज.

प्रतिसाद, शिरोलीहून:

ताई, मी खोकी तयार करणाऱ्या कारखान्यात आहे, त्यामुळं हा त्रास रोजचा बघण्यातला. तुमचा पुठ्ठा थ्री प्लाय असणार, म्हणजे वर एक सपाट कागद, खाली एक आणि मधे नागमोडी. ओला रंग एकाच बाजूला लागला की तिकडचा कागद फुगतो, वाळताना आकसतो, पलीकडची बाजू आहे तशीच राहते, मग भिंत ओढली जाणारच. म्हणून जे काय लावाल ते दोन्ही बाजूंना, आणि तेही घर जोडायच्या आधी. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ हात दोन्हीकडून मारा, वरवर सुकलं की रद्दीच्या घडीत घालून वर वजन ठेवा, मधे एकदा रद्दी बदला. रात्रभर तसंच राहू दे, घाई करू नका.

नागमोडीच्या नळ्या भिंतीत उभ्या येतील असं कापा, वजन त्याच पेलतात. घराच्या आत मजला म्हणून एक आडवा पुठ्ठा घट्ट बसवा, मग भिंतीला वळायला जागाच राहत नाही.

कोपऱ्याला असं करा. एका भिंतीच्या कडेला पुठ्ठ्याच्या जाडीएवढी पट्टी मोजा, तेवढ्या भागातला आतला कागद आणि नागमोडी कटरनं खरवडून काढा, बाहेरचा कागद तेवढा ठेवा. दुसऱ्या भिंतीची कड त्या खाचेत बसते आणि भोकं झाकली जातात. पहिल्या एकदोन वेळा कागद फाटेल, मग हात बसतो. कटरची पाती मात्र सारखी मोडून नवी काढा, बोथट पात्यानं पुठ्ठा कापत नाही, चिंबतो. आणि ही कापाकापी मोठ्यांनीच करायची.

प्रतिसाद, शिवाजी पेठेतून:

मंडळाच्या देखाव्याचं काम बरीच वर्षं केलंय. पोस्टर कलर वाळल्यावरसुद्धा पाण्यानं परत सुटतो, राड त्याचीच. घराच्या रंगकामातला उरलेला प्लॅस्टिक पेंट कुणाकडं तरी डब्याच्या तळाला असतोच, तो वाळला की सुटत नाही, विकतही आणायला लागत नाही. आधी सगळं काळं करा, मग ब्रशवर जरासाच राखाडी रंग घेऊन रद्दीवर पुसून टाका आणि जवळजवळ कोरडा ब्रश वरच्यावर फिरवा. उंचवट्यावरच रंग बसतो, कौलं न् दगड उठून दिसतात. दगडी भिंत पाहिजे तर अंड्याचे ट्रे फाडून बारीक तुकडे चिकटवा, त्याचा खरखरीतपणा असा असतो की वेगळं काही करायला लागत नाही. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतली नागमोडी उघडी पडते, ते झालं पत्र्याचं छप्पर.

फटींना आतून कागदाची पट्टी आणि आतल्या भिंती पण काळ्या. खिडकीला नुसता पिवळा जिलेटीन पेपर लावला तर आतला बल्ब ठिपक्यासारखा दिसतो, त्याच्या मागं बटर पेपर लावा म्हणजे उजेड पसरतो. पणती, मेणबत्ती आत अजिबात ठेवायची नाही, पुठ्ठा आहे तो. बंद पडलेल्या दिवाळीच्या माळेतले एलईडी काढून घ्या, पिवळा असेल तर ३ व्होल्टच्या बटण सेलवर लागतो. पण तो सेल लहान पोरानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा भाजू शकते, त्यामुळं स्क्रूचं झाकण असलेल्या डबीतच बसवा. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून (माहेर मंगळवार पेठ):

वाचून एवढं बरं वाटलं! एक सुचवू का, नऊच्या नऊ घरं पडकी करू नका. इथं त्या रात्री पोरं घरोघरी चॉकलेटं मागत फिरतात आणि ज्या घराच्या व्हरांड्यातला दिवा चालू असतो तिथंच जातात. म्हणून दोनचार घरांना पुढं व्हरांडा, दोन पायऱ्या आणि दिवा करा, बाकीची भुताची. भुताचं घर म्हटलं की इथं जुन्या व्हिक्टोरियन पद्धतीचं डोळ्यासमोर येतं, उभट, तीव्र उताराची छपरं, एका कोपऱ्याला मनोरा, वरती गोल खिडकी. भोपळे हवेतच. आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरून आत दिवा ठेवायचे, ते लोक अमेरिकेत आले तेव्हा इथला भोपळा मोठा आणि कोरायला सोपा म्हणून तो आला. तुमच्या मापात एक फुटी भोपळा ६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे बारीकसा काबुली चणा! केशरी रंगवा आणि लवंगेचा तुकडा देठ म्हणून चिकटवा.

धागाकर्ती:

तिघांचेही खूप आभार, मनापासून. काल दोन भिंती शिरोलीच्या दादांनी सांगितलं तशा दोन्हीकडून हात देऊन वरवंट्याखाली ठेवल्या. आज दुपारी काढल्या तर पट्टी लावून बघितली, कुठं केसभर उजेड दिसत नाही. खाच करताना दोनदा कागद फाटला, तिसऱ्यांदा जमला आणि कोपरा असा बसलाय की ते खोकं होतं हे सांगावं लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडं गच्चीच्या रंगातला अर्धा डबा निघाला. चणे पोरांना एवढे आवडलेत की वाटीभर रंगवून झालेत, गल्लीत घरं नऊ आणि भोपळे साठ अशी वेळ आलीय.

एकच राहिलं. मनोऱ्याचं टोकदार छप्पर वहीच्या पुठ्ठ्याचं गोल वळवायला गेले की मधेच घडी पडून मोडतं. चपलेच्या खोक्याचा घेतला तरी तेच. पातळ लग्नपत्रिकेचं वळतं पण वर कौलांच्या पट्ट्या चिकटवल्या की ओलीनं दबतं. आतून काही आधार द्यायचा का आधी पुठ्ठा ओला करून वळवायचा, कुणी केलं असेल तर सांगा, शनिवारी पोरं येणार आहेत कापायला.