नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) ऑटो स्टँडवर महिलेने नंबर लावावा का?

प्रश्न (मानेवाडा):
माझ्या धाकट्या बहिणीला महिलांसाठीच्या पिंक ई-रिक्षा योजनेतून गाडी घ्यायची आहे. तिचा हात चांगला बसला आहे. मात्र बर्डीच्या शेअर ऑटोंच्या रांगेत बाईला उभे राहू देतील का, यावरून घरात रोज वाद होतो. आधी कर्ज काढावे की आधी स्टँडवर बोलावे?

उत्तर (जुना ऑटोचालक):
ताई, आधी स्टँडवर बोलावे. बॅटरीवरच्या वाहनांना केंद्राने २०१८ मध्ये परमिटमधून सूट दिली, तेव्हापासून परमिटवाल्या चालकांच्या मनात राग आहे. त्यामुळे तुमच्या बहिणीला जो विरोध होईल, त्यातला निम्मा ती बाई आहे म्हणून नव्हे, तर तिची गाडी बॅटरीची आहे म्हणून असेल. नंबर आपसातल्या शिरस्त्याने चालतो. जो आधी आला त्याची गाडी आधी भरते आणि मधूनच सवारी उचलणाऱ्याशी भांडण होतेच, मग तो कोणीही असो.

उत्तर (ई-रिक्षाचालक महिला):
भाऊंचे म्हणणे पटते, पण राहिलेला निम्मा विरोध त्यांना दिसत नाही. नंबर मिळाल्यावरही काही सवाऱ्या आत डोकावतात, हँडलवर बाई पाहतात आणि मुकाट्याने मागच्या ऑटोत जाऊन बसतात. त्याहून मोठी अडचण शौचालयाची आहे, जी घरच्या वादात कोणी काढत नाही. रांग सोडून गेले की नंबर जातो, म्हणून मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतानाही आम्ही पाणी मोजूनच पितो. मी तर स्टँडचा नाद सोडून मेट्रो स्थानकाबाहेरची भाडी धरली. तिथे शौचालय जवळ आहे आणि कॉलेजच्या मुली आपण होऊन माझ्या गाडीत बसतात.

उत्तर (हिंगणा रोड):
कर्जाचेही पाहा. किमतीचे २० टक्के राज्य सरकार देते, १० टक्के स्वतः भरायचे आणि उरलेले ७० टक्के बँकेचे कर्ज असते. गाडी लाभार्थी महिलेनेच चालवायची असल्याने ती आजारी पडली तर भावाला गाडी काढता येणार नाही, हप्ता मात्र चुकणार नाही. तेवढी शिल्लक हाताशी असल्याशिवाय सही करू नये.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. मेट्रो स्थानकाबाहेर सकाळी किती वाजल्यापासून सवाऱ्या मिळतात, हे ताईंनी कृपया सांगावे.