कोरियन चित्रांतला वाघ असा बावळट का दिसतो?

कुंचला_नाशिक (प्रश्न)
मी नाशिकमधील एका शाळेत चित्रकला शिकवते. आठवीच्या वर्गाला कोरियाच्या 'मिन्ह्वा' या लोकचित्रशैलीतील एक चित्र दाखवले: पाइनच्या फांदीवर मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी आणि खाली तिरळ्या डोळ्यांचा वाघ. मुले मनसोक्त हसली. एका मुलीने मात्र विचारले की, ज्या देशात खरे वाघ होते, तिथल्या चित्रकारांना वाघ काढता येत नव्हता का? मला नीट उत्तर देता आले नाही. शिवाय हातकागदावर त्याच पद्धतीचे पिओनीचे फूल काढून पाहिले, तर टीपकागदावर शाई फुटावी तसा रंग पसरला. दोन्ही बाबतींत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ
येत होता, आणि उत्तम येत होता. किम होंग-दो (जन्म १७४५) याचा पाइनखालचा वाघ मुलांना दाखवा. अंगावरचा केस न् केस बारीक कुंचल्याने ओढलेला आहे. तो दरबारी चित्रकार होता. मिन्ह्वा काढणारे बहुतेक अनाम कारागीर होते आणि त्यांची चित्रे नव्या वर्षी दारावर लावण्यासाठी असत. वाघाने अरिष्ट पळवावे आणि मॅगपायने शुभवार्ता आणावी, एवढीच अपेक्षा असल्याने वाघ हुबेहूब असण्याची गरज नव्हती. वाघ म्हणजे उमराव आणि पक्षी म्हणजे रयत, असा उपरोधिक अर्थ हल्ली सर्रास सांगितला जातो. तो मोहक आहे, पण मला तो मागाहून चिकटवलेला वाटतो.

येवलेकर
वरील उत्तरात एक भर घालतो. पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट आपण शोभा म्हणून पाहतो आणि पुढे जातो, पण कोरियन पशुपक्ष्यांच्या चित्रांत पुष्कळदा श्लेष दडलेला असतो. अठराव्या शतकातील ब्योन सांग-ब्योक हा मांजरांच्या चित्रांसाठी इतका गाजला की त्याला 'ब्योन मांजर' असेच म्हणत. त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात झाडाला बिलगलेले मांजर मान वळवून खालच्या मांजराकडे पाहते आहे आणि फांद्यांवर चिमण्या आहेत. चिमणीसाठीचे चिनी अक्षर आणि सरकारी पदासाठीचे अक्षर, दोन्हींचा कोरियन उच्चार 'जाक' असाच होतो, तर मांजर दीर्घायुष्य सुचवते. म्हणजे पाहणाऱ्याला आयुष्य आणि अधिकार, दोन्हींचा आशीर्वाद मिळाला! गंमत अशी की मांजराचा श्लेष चिनी उच्चारांवर बेतलेला आहे. कोरियन भाषेत मांजर 'म्यो' आणि वार्धक्य 'मो' असल्याने तो पुरता जुळत नाही, तरीही संकेत म्हणून टिकून राहिला. लव्हाळ्यातले रानहंस मात्र कोरियनमध्येही चपखल बसतात, कारण 'नोआन' या उच्चाराचा दुसरा अर्थ निश्चिंत म्हातारपण असा होतो.

सरस_तुरटी
रंग फुटण्याचे कारण कागदात आहे. त्यांचा 'हान्जी' कागद तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून बनतो आणि तोही कोरा असताना रंग शोषतोच. म्हणून आधी कोमट पाण्यात पातळ सरस आणि किंचित तुरटी विरघळवून रुंद ब्रशने हात द्यावा लागतो आणि कागद पूर्ण वाळू द्यावा लागतो. तुरटी जास्त झाली तर काही वर्षांत कागद ठिसूळ होतो, तेव्हा हात आखडता ठेवा.

पिओनीच्या पाकळीसाठी एकाच हातात दोन कुंचले धरण्याची पद्धत आहे: एकात रंग, दुसऱ्यात फक्त पाणी. पाकळीच्या एका बाजूला रंग लावून तो सुकण्याआधीच ओल्या कुंचल्याने त्याची कड ओढत न्यायची, म्हणजे गडद गुलाबी विरत विरत कागदाच्या रंगात मिसळतो. रंग पातळच ठेवा आणि तीन-चार हात द्या. एकाच हातात गडदपणा आणायला गेलात तर डाग पडतो.

कुंचला_नाशिक
मनःपूर्वक आभार. काल सरस आणि तुरटीचा हात दिलेल्या कागदावर पहिली पाकळी जमली, दुसरीत पाणी जास्त झाले. त्या मुलीला किम होंग-दोचा वाघ दाखवला. तिने बराच वेळ तो निरखला आणि तिरळाच वाघ वहीत काढून घेतला.