तुर्कस्तानची दुसरी श्रेणी, हंगाम २०२२-२३ : सलग ०-३ अशा पराभवांचा अर्थ काय?

मध्यरेषा (प्रश्न)

नमस्कार. गेले काही दिवस मी तुर्कस्तानच्या दुसऱ्या श्रेणीतील व्यावसायिक फुटबॉलचे जुने निकाल वाचत आहे. २०२२-२३ च्या हंगामात साम्सुनस्पोर पहिला आला, रिझेस्पोर दुसरा आला आणि प्ले-ऑफ (बढतीची उरलेली जागा ठरवणारे सामने) जिंकून पेंडिकस्पोरही वरच्या श्रेणीत गेला, इथपर्यंत सारे समजले. मात्र त्याच हंगामात येनी मालात्यास्पोर या संघासमोर फेब्रुवारीनंतर प्रत्येक सामन्यात ०-३ असाच निकाल दिसतो. इतके सामने ओळीने, नेमक्या त्याच फरकाने कोणी कसे हरेल? शिवाय या स्पर्धेचे नाव ‘पहिली लीग’ असताना तिला दुसरी श्रेणी का म्हणतात, हेही कोणी जाणकारांनी सांगावे.

जुना_प्रेक्षक

नावाचे आधी सांगतो. २००१ मध्ये सर्वोच्च श्रेणीला ‘सुपर लीग’ हे नाव मिळाले आणि कालांतराने ‘पहिली लीग’ हे मोकळे झालेले नाव तिच्या खालच्या श्रेणीला दिले गेले. त्यामुळे तिथली ‘दुसरी लीग’ प्रत्यक्षात तिसरी श्रेणी असते, हे तालिका वाचताना ध्यानात ठेवावे.

आता मुख्य प्रश्न. ते सामने खेळलेच गेले नाहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी कहरामानमाराश परिसरात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच दिवशी दुपारी ७.५ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसे गेली. मालात्या हे उद्ध्वस्त झालेल्या शहरांपैकी एक. येनी मालात्यास्पोरचा २८ वर्षांचा गोलरक्षक अहमेत एयुप त्युर्कास्लान ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावला. क्लबने उरलेल्या हंगामातून माघार घेतली आणि नियमानुसार प्रत्येक उरलेला सामना प्रतिस्पर्ध्याला ३-० असा बहाल झाला. आपण पाहिलेल्या त्या ओळी म्हणजे पराभव नव्हेत. ज्या दिवशी त्या संघाने मैदानावर असायला हवे होते आणि तो असू शकला नाही, त्या दिवसांची ती नोंद आहे. तालिकेत दोन्ही गोष्टी एकाच आकड्याने लिहिल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.

गोलफरक

निर्णयाची दुसरी बाजूही पाहावी, असे मला वाटते. त्या वर्षी १९ संघ होते, म्हणजे प्रत्येकाचे ३६ सामने, आणि संघसंख्या विषम असल्याने दर फेरीत एका संघाला विश्रांती. मालात्या बाहेर पडल्यावर दर आठवड्याला एक संघ विश्रांती घेणार आणि बहुतेक वेळा आणखी एक संघ न खेळता तीन गुण घेणार, अशी स्थिती आली. ज्यांचा मालात्याशी सामना बाकी होता त्यांना गुण आयते मिळाले. ज्यांनी तो आधीच खेळून गमावला किंवा बरोबरीत सोडवला होता, त्यांना ते मिळाले नाहीत. परंतु मालात्याचे आधीचे सर्व निकाल रद्द करायचे म्हटले, तर त्या खेळाडूंनी घाम गाळून मिळवलेले गुण आणि त्युर्कास्लानने अडवलेले चेंडूही इतिहासातून पुसले गेले असते. त्या मानाने ३-० चा मार्ग कमी अन्यायाचा होता, असे माझे मत आहे.

जाता जाता आणखी एक नोंद. प्ले-ऑफचा अंतिम सामना खेळणारे पेंडिकस्पोर आणि बोद्रुमस्पोर हे दोघेही आदल्याच वर्षी तिसऱ्या श्रेणीतून वर आले होते.

काळी_पट्टी

साम्सुनस्पोरविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. काळ्या समुद्राकाठच्या या क्लबच्या बोधचिन्हावर घोड्यावर स्वार असलेल्या, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्कचा पुतळा आहे, कारण स्वातंत्र्यलढा उभारण्यासाठी १९ मे १९१९ रोजी तो साम्सुनलाच उतरला होता. त्यांचे मूळ रंग लाल आणि पांढरा. तिसरा, काळा रंग नंतर आला, आणि तो शोकाचा आहे. २० जानेवारी १९८९ रोजी संघाच्या बसला हावझाजवळ अपघात झाला. प्रशिक्षक नुरी आसान, खेळाडू मुझफ्फर बादालोलू आणि मेते आदानर गेले; झोरान तोमिच कित्येक महिने बेशुद्ध राहून गेला. ती बस सामना खेळण्यासाठी मालात्यालाच निघाली होती. त्या हंगामाचा उत्तरार्ध साम्सुनस्पोर खेळू शकला नाही आणि त्यांच्याही नावापुढे ०-३ असेच लिहिले गेले. मात्र तुर्कस्तानच्या फुटबॉल महासंघाने त्यांना खालच्या श्रेणीत जाऊ दिले नाही.

२०२३ मध्ये साम्सुनस्पोर ११ वर्षांनी सुपर लीगमध्ये परतला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक हुसेयिन एरोलू होते. त्यांनी याआधी अनेक वर्षे इझ्मिरच्या आल्तनोर्दूमध्ये काम केले होते. केवळ तुर्की खेळाडूंना घेऊन खेळणारा, चेंगिझ उंडर आणि चालार सोयुंजू यांना घडवणारा तो क्लब नेमका त्याच हंगामात तिसऱ्या श्रेणीत घसरला. मला याची हळहळ आजही वाटते.

जुना_प्रेक्षक

काळी_पट्टी यांच्या मजकुरात एक छोटी भर घालतो. १९८९ चा मालात्यास्पोर आणि हा येनी मालात्यास्पोर हे दोन वेगळे क्लब आहेत. ‘येनी’ म्हणजे नवा. शहर तेच, परंतु क्लब दुसरा. २०१७ मध्ये हा क्लब सुपर लीगमध्ये पोहोचला, २०१९ मध्ये युरोपा लीगची पात्रता फेरी खेळला आणि २०२२ मध्ये खाली आला.

मध्यरेषा

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आपली उत्तरे वाचून मी २०२३-२४ ची संघयादी पुन्हा काढली. भूकंपामुळेच माघार घेतलेले हातायस्पोर आणि गाझियानतेप हे दोन्ही संघ त्या हंगामात सुपर लीगमध्ये कायम होते. येनी मालात्यास्पोर मात्र दुसऱ्या श्रेणीच्या १८ संघांत नव्हता. तो तिसऱ्या श्रेणीत सापडला. संघ भूकंपाआधीच तालिकेच्या तळाशी झगडत होता हे मान्य केले, तरी १९८९ मध्ये साम्सुनला मिळालेला आधार मालात्यालाही मिळायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.