बीसी५४९सी चालेल, पण फिरवून लावा
२एन५०८८ हा ट्रान्झिस्टर मिळत नाही म्हणून फझचं, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या पेडलचं, काम थांबवू नका. त्याऐवजी बीसी५४९सी बिनधास्त वापरा, गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) पुरेसा आहे आणि नॉइजही कमी. फक्त पाय उलटे आहेत! सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर २एन५०८८चे डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४९चे कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे बोर्डावरच्या चित्राच्या उलट तोंड करून बसवायचा. माझी एक अख्खी संध्याकाळ यातच गेली होती, म्हणून आधी डेटाशीट उघडा.

१एन३४ए या जर्मेनियम डायोडच्या जागी १एन४१४८ हा सिलिकॉन डायोड लावा असं काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. जर्मेनियम साधारण ०.३ व्होल्टला क्लिप करतो (सिग्नलची टोकं कापतो), सिलिकॉन ०.६ च्या पुढे. आवाज मोठा होईल, पण तो मऊपणा जाईल. त्यापेक्षा बीएटी४१सारखा शॉटकी प्रकारचा डायोड जवळचा वाटतो. डायोड बदलता येतील असं सॉकेट टाकून दोन्ही ऐकाच, कान सांगतील.

कपॅसिटरची चिंता नको. ०.१ मायक्रोफॅरड, १०० नॅनोफॅरड आणि अंगावरचा १०४ हा छाप, सगळं एकच. कपॅसिटरवर लिहिलेलं व्होल्टेज जास्तीचं चालतं. ९ व्होल्टच्या पेडलला १६ किंवा २५ व्होल्टचा, काहीही घ्या.