मूल जन्मलं एका देशात, आईवडील दुसऱ्या देशाचे, मग नागरिकत्व कुठलं?

उंबरठा
कुणी म्हणतं जिथे जन्म झाला तिथलं नागरिकत्व मिळतं, कुणी म्हणतं आईवडिलांचं मिळतं, आणि वाचायला बसलं तर प्रत्येक देशाचं काहीतरी वेगळंच निघतं. हे नक्की ठरतं कशावरून? एकाच मुलाला दोन्हीकडून मिळू शकतं का? आणि उलटं, म्हणजे दोन्हीकडून नाहीच मिळालं असं खरंच होतं का, कारण त्यात त्या बाळाने काय केलंय? हा शेवटचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. विमानात जन्म झाला तर काय तेही कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

कलम_चौदा
ढोबळमानाने दोन पद्धती आहेत, जन्मस्थानावरून (जस सोली) आणि आईवडिलांवरून (जस सँग्विनिस). पण जवळजवळ सगळे देश दोन्हीचं मिश्रण वापरतात, फक्त कशाला किती वजन द्यायचं ते वेगळं. आणि ते वजन कुठून आलं हे बघितलं की सगळं समजायला लागतं. बाहेरून माणसं येऊन वसलेले जे देश आहेत, म्हणजे अमेरिका, कॅनडा, ब्राझील, अर्जेंटिना वगैरे, त्यांना येणाऱ्यांची मुलं पटकन आपली करून घ्यायची होती म्हणून तिथे जन्मस्थान. ज्या देशांतून माणसं बाहेर जात होती त्यांना गेलेल्यांशी नातं टिकवायचं होतं म्हणून तिथे रक्त. जर्मनीचा १९१३ चा कायदा याच विचाराचा होता, आणि इटलीने तर अनेक पिढ्यांपूर्वी देश सोडून गेलेल्यांच्या वंशजांनाही नागरिकत्व मागू दिलं, ते २०२५ मध्ये साधारण आजीआजोबांपर्यंत आणून थांबवलं.

अमेरिकेची गोष्ट मात्र वेगळी आणि मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. तिथे १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितलं होतं की आफ्रिकन वंशाचे लोक, गुलाम असोत की स्वतंत्र, नागरिक होऊच शकत नाहीत. त्यानंतर यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली आणि १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली, की इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या अधिकाराखाली असलेला प्रत्येकजण नागरिक. पुढे वाँग किम आर्क नावाचा माणूस, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, आईवडील चिनी, चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला तर त्याला बंदरावरच अडवलं की तू नागरिक नाहीस, आणि तेव्हा चिनी लोकांवर बंदी घालणारा कायदा लागू होता म्हणजे हरला असता तर गेलाच होता. तो लढला आणि १८९८ मध्ये जिंकला. परदेशी राजदूतांची मुलं मात्र यातून वगळलेली आहेत. म्हणजे तिथे हा नियम नुसत्या सोयीसाठी आलेला नाही, एका मोठ्या अन्यायाला उत्तर म्हणून आलाय.

रानजाई
वरचं बरोबर आहे, पण निखळ जन्मस्थानाचा नियम आता आकसत चाललाय हेही सांगायला हवं. ब्रिटनने १ जानेवारी १९८३ पासून बंद केला, ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये, न्यूझीलंडने २००६ मध्ये. आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेतलं आणि जवळपास ७९ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं. आता या सगळीकडे आईवडिलांपैकी एकजण तिथला नागरिक किंवा कायदेशीर रहिवासी असावा लागतो, तपशील प्रत्येकाचे वेगळे.

भारतातही तेच झालंय बघा. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला जवळजवळ कुणीही जन्माने नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत आईवडिलांपैकी एक भारतीय हवा. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघं भारतीय हवेत किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे एकाच घरातल्या तीन भावंडांना तीन वेगवेगळे नियम लागू शकतात, नुसत्या जन्मतारखेवरून!

जर्मनी उलट दिशेने गेली. २००० पासून तिथे परदेशी आईवडिलांच्या मुलालाही जन्मतः नागरिकत्व मिळू शकतं, आईवडिलांपैकी एकाने आधी ८ वर्षं आणि २०२४ पासून ५ वर्षं तिथे कायदेशीर वास्तव्य केलेलं असावं लागतं आणि कायम राहायचा हक्कही. मला ऑस्ट्रेलियाची एक तरतूद फार माणुसकीची वाटते, आईवडिलांचं स्टेटस काहीही असो, तिथे जन्मलेलं मूल १० वर्षांचं होईपर्यंत तिथेच राहत असेल तर आपोआप नागरिक होतं. दहा वर्षांच्या पोराला तू इथला नाहीस म्हणणं मुळातच चुकीचं आहे.

उंबरठा
खूप छान समजावलंत दोघांनी. म्हणजे अमेरिकेत जन्मलं आणि आईवडील दुसरीकडचे तर दोन मिळू शकतात?

कलम_चौदा
हो, दुसऱ्या देशाने मान्य केलं तर. भारतीय आईवडील असतील तर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंदणी एका वर्षात वकिलातीत करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. शिवाय त्याला दुसरं नागरिकत्वही असेल तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडायचं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. विमानाचं म्हणाल तर बहुतेक वेळा आईवडिलांचंच नागरिकत्व लागू होतं. अमेरिका मात्र आपल्या हवाई हद्दीत झालेला जन्म अमेरिकेतला धरते, पण विमान अमेरिकन आणि ते हद्दीबाहेर असेल तर धरत नाही.

पाऊलवाट
दोन्हीकडून न मिळण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. हो, होतं, आणि अगदी साध्या घरांत होतं. जन्माचा देश म्हणतो आईवडिलांचं बघा, आईवडिलांचा देश म्हणतो आमच्या अटी पूर्ण होत नाहीत, आणि मूल मधेच लटकतं. सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ओकिनावा, जपानचं बेट जिथे अमेरिकेचे मोठे लष्करी तळ आहेत. जपानमध्ये १९८४ पर्यंत लग्न झालेल्या जोडप्याच्या मुलाला वडिलांकडूनच नागरिकत्व मिळायचं. आई जपानी, वडील अमेरिकन सैनिक, आणि वडिलांनी अमेरिकेत कायद्यात सांगितलेली तेवढी वर्षं काढलेली नसतील तर अमेरिकाही देत नव्हती, म्हणजे दोन्ही देशांचे कायदे आपापल्या जागी पाळले गेले आणि मूल कुणाचंच नाही. सुधारलेला कायदा १ जानेवारी १९८५ ला लागू झाला आणि आईकडूनही मिळायला लागलं. भारतातही परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व १० डिसेंबर १९९२ पासूनच मिळायला लागलं, त्याआधी फक्त वडिलांकडून!

आणि हे संपलेलं नाहीये. कुवेत, कतार, लेबनॉन धरून वीसपेक्षा जास्त देशांत अजूनही आईला वडिलांच्या बरोबरीने नागरिकत्व देता येत नाही. वडील बेपत्ता झाले, किंवा तेच राज्यविहीन (म्हणजे कुठल्याच देशाचे नागरिक नसलेले) असले की मूलही तसंच. मग शाळा, दवाखाना, नोकरी, लग्नाची नोंद सगळं अडतं आणि पुढच्या पिढीलाही तेच मिळतं. याचा राग येतो मला, कारण हे एका कलमाने बदलता येतं.

दुसरा प्रकार म्हणजे दिलेलं काढून घेणं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या घटना न्यायालयाने २०१३ मध्ये असा निकाल दिला की १९२९ पासून तिथे जन्मलेल्या पण आईवडील अनियमित स्थलांतरित असलेल्यांना नागरिक मानायचं नाही, आणि त्यात मुख्यतः हैतीहून आलेल्यांची मुलं नातवंडं सापडली, ज्यांनी दुसरा देश पाहिलाही नव्हता.

रानजाई
@पाऊलवाट, याच्यावर आंतरराष्ट्रीय करार आहे ना १९६१ चा?

पाऊलवाट
आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की मूल एरवी राज्यविहीन राहणार असेल तर जन्माच्या देशाने त्याला नागरिकत्व द्यावं, जन्मतःच किंवा नंतर अर्ज केल्यावर. सोडून दिलेलं सापडलेलं बाळ असेल तर उलटा पुरावा मिळेपर्यंत ते त्याच देशात तिथल्याच नागरिकांना झालंय असं धरायचं. जहाजावर किंवा विमानात जन्म झाला तर या करारापुरता तो जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल किंवा विमानाची ज्या देशात नोंदणी असेल त्या देशात झाला असं धरतात. पण भारत, अमेरिका दोघंही या करारात नाहीत.

कराराची वाट न बघताही काम होतं. कोलंबियात नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, पण व्हेनेझुएलाहून आलेल्या लोकांची हजारो बाळं तिथे जन्मली आणि त्यांना व्हेनेझुएलाची कागदपत्रं मिळणं जवळजवळ अशक्य झालं, तेव्हा २०१९ मध्ये कोलंबियाने खास तरतूद करून २४,००० पेक्षा जास्त मुलांना नागरिकत्व द्यायचं ठरवलं. त्यासाठी आधी जन्माची नोंद असणं गरजेचं होतं. म्हणून कुठल्याही देशात मूल झालं, आपलं स्टेटस काहीही असो, जन्माची नोंद लगेच करा आणि दाखल्यावर आईवडील दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहून घ्या. दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही, पण कुठे जन्मला आणि कुणाचा हे दोन्ही सिद्ध करायला तोच लागतो.