मदत हवी आहे: राजा हवेलची सासुरवाडी वंशावळीत कुठे बसवू?

मंडळी, आम्ही कार्डिफला असतो. लेकीला शाळेत दहाव्या शतकातल्या हवेल दा या वेल्श राजाची वंशावळ काढून न्यायची आहे आणि तिच्यापेक्षा मीच त्यात जास्त रुतलेय. (वेल्शमध्ये 'दा' म्हणजे चांगला. आमच्याकडे तो केव्हाच 'हवेलदादा' झालाय.)

वडिलांकडची बाजू जमली. आजोबा ऱ्होद्री मौर, म्हणजे थोरला ऱ्होद्री, ८७८ साली इंग्रजांकडून मारला गेला. त्याचा एक मुलगा अनारौद उत्तरेला ग्विनेदमध्ये, दुसरा कादेल दक्षिणेला सैसल्हुगमध्ये. कादेलचा मुलगा हवेल. पुढची भाऊबंदकी आपल्या ओळखीचीच. ९४२ मध्ये अनारौदचा मुलगा इद्वाल इंग्रजांशी लढताना पडला, तर या चुलतभावाने त्याच्या पोरांना हुसकून ग्विनेद घशात घातलं!

घोडं अडलंय ते दवेदपाशी. नैऋत्येचं हे राज्य लावार्खचं. तो ९०४ मध्ये गेला. त्याची मुलगी एलेन ही हवेलची बायको. सैसल्हुग आणि दवेद मिळून देहायबार्थ झालं, म्हणजे निम्मं राज्य सासुरवाडीचं. पण हवेलच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात जमिनीची वाटणी फक्त मुलग्यांत. धाकट्याने वाटे पाडायचे, थोरल्याने आधी उचलायचं (हे मात्र झकास). शेंडेफळाला राहतं घर, मोठा हंडा, कुऱ्हाड आणि नांगराचं पातं. मुलीच्या वाट्याला जमीन नाहीच.

मग एलेनच्या माहेरची रेघ तक्त्यात जोडू, की तिला 'पत्नी' लिहून एका चौकोनात बसवू? लेक म्हणते जोड. पण बाईंनी कारण विचारलं तर?

प्रतिसाद १
लेकीचं ऐका. त्या कायद्याच्या आज मिळणाऱ्या पोथ्या तेराव्या शतकापासूनच्या आहेत आणि हवेल वारला ९५० च्या सुमारास. त्यावरून त्याच्या घरचा हिशेब मांडू नका. शिवाय तो नियम कुळाच्या शेतजमिनीचा.
कारण हवं असेल तर हे सांगा: हवेलचा मुलगा ओवाइन याच्या काळात जुळवलेली एक वंशावळ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या हस्तलिखितात आहे. तिच्यात पहिली यादी ओवाइनच्या वडिलांकडून मागे जाते आणि दुसरी लगेच आई एलेनकडून, दवेदच्या राजांपर्यंत. म्हणजे आजोळची रेघ घरच्यांनीच ओढून ठेवलीय.
ग्विनेद मात्र तुटक रेघेने दाखवा. हवेल गेल्यावर इद्वालच्या मुलांनी ते परत घेतलं.

धागाकर्ती
खूप आभार! रेघ जोडली. दवेदच्या राजांसाठी तक्त्याला खाली आणखी एक कागद चिकटवावा लागला.