बेटांवरची यादी: ‘दिसलं’ आणि ‘नांदतं’ वेगळं लिहा

हवाईत दिसलेलं प्रत्येक फुलपाखरू एकाच यादीत घालावं, अशी एक सूचना आली आहे. ती पटली नाही. यादी नुसती फुगेल. हवाईची मूळची फुलपाखरं दोनच: कामेहामेहा आणि ब्लॅकबर्नचं निळं. मोनार्क एकोणिसाव्या शतकात पोचलं आणि तिथे लावलेल्या रुईवर (हो, आपलीच रुई) पोसतंय. म्हणून मूळचं, स्थिरावलेलं की भरकटलेलं, हा रकाना हवाच. एकटदुकट प्रौढ फुलपाखरू वाऱ्याबरोबरही येतं. अंडी किंवा अळी मिळाल्याशिवाय ‘नांदतं’ लिहू नका. कामेहामेहासाठी मामाकी या तिथल्या झुडपाची पानं बघा. लहान अळी पानाची कड कापून, दुमडून आत बसते. उडणाऱ्या फुलपाखरापेक्षा ती घडी शोधणं सोपं.

नर-मादीचा आकडाही वेगळा लिहा. सामोआ बेटांवर २००१ साली ‘मोठा चांदवा’ या फुलपाखरात नर जेमतेम १ टक्का होते, कारण वोल्बाकिया जिवाणू नरांना अंड्यातच मारत होता. २००६पर्यंत प्रतिकारक्षमता पसरली आणि नर ४० टक्क्यांच्या आसपास गेले. नुसत्या ‘आढळलं’ या नोंदीत हे कुठून दिसणार? आणि गोळा केलेल्या नमुन्याच्या लेबलवर ‘सामोआ’ एवढंच नको. बेट कोणतं (उपोलू की सवाई), उंची, तारीख, सगळं पेन्सिलीने. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला, तर साधी शाई त्यात विरघळते.